धरणाला खालून उचलणारं पाणी

शंभर मीटर उंचीच्या धरणाचा एक मीटर लांबीचा काप कागदावर काढा. पाण्याकडची बाजू सरळ उभी, मागची उतरती, तळाची रुंदी ७५ मीटर. हा त्रिकोण ३७५० घनमीटरचा झाला. घनमीटरला २.४ टन धरले तर वजन ९००० टन. तलाव काठोकाठ भरला की पाणी याच कापाला आडवं ५००० टनांनी रेटतं. खडक आणि काँक्रीट यांच्यातलं घर्षण ०.७ धरा, म्हणजे पकड ६३०० टनांची. रेटा पाच हजारांचा, पकड सहा हजार तीनशेची. काम भागलं असं वाटतं. साइटवर नव्याने आलेल्या पोरांचं गणित बहुधा इथेच थांबतं.

खडक कितीही काळाभोर आणि अखंड दिसला तरी त्याच्या सांध्यांतून पाणी पायाखाली शिरतं आणि भिंतीला वर उचलतं. यालाच अपलिफ्ट म्हणतात. पाण्याकडच्या टाचेशी हा दाब पूर्ण शंभर मीटरचा, मागच्या टोकाशी शून्य. वर काढलेल्या कापाखाली तो ३७५० टनांचा होतो. आता ९००० मधून ३७५० वजा करा. उरलं ५२५० टन वजन, त्याची पकड ३६७५ टन, आणि रेटा तोच ५००० टनांचा. नुसत्या घर्षणावर हे धरण जागेवर राहत नाही. दुसरी अडचण अशी की वजन, रेटा आणि अपलिफ्ट मिळून जे एकत्रित बल तयार होतं ते तळाच्या मधल्या तृतीयांशातून गेलं पाहिजे, म्हणजे टाचेपासून २५ ते ५० मीटरच्या पट्ट्यातून. अपलिफ्ट नसता तर ते ४३.५ मीटरवर पडलं असतं. पूर्ण अपलिफ्ट धरला की ५६.७ मीटरवर सरकतं, आणि टाचेशी ताण येतो. ताण घेण्याची ताकद या सांध्यात जवळपास नसतेच. टाचेशी केसाएवढी फट पडली की त्यात पूर्ण दाबाचं पाणी घुसतं, अपलिफ्ट आणखी वाढतो, फट आणखी आत जाते. गुरुत्व धरणं, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभी राहणारी धरणं, कोसळण्याचा हा जुना आणि ठरलेला रस्ता आहे.

उपाय अगदी साधा. टाचेपासून सुमारे ८ मीटरवर भिंतीच्या पोटात, पायालगत, माणूस चालेल एवढी गॅलरी ठेवायची आणि तिच्या जमिनीतून खडकात ७६ मिलिमीटरची भोकं पाडायची, दर ३ मीटरला एक. आत शिरलेलं पाणी या भोकांतून गॅलरीत येतं, दाब तिथेच मरतो. मानकाप्रमाणे भोकांच्या ओळीवर दाब एक तृतीयांश उरतो असं धरतात. तेवढ्याने त्याच कापाखालचा अपलिफ्ट ३७५० वरून सुमारे १६५० टनांवर उतरतो. पकड ५१४५ टन होते, बल ४८.४ मीटरवर, म्हणजे पट्ट्याच्या आत येतं. रेटा ५००० आणि पकड ५१४५. पट्ट्याची कड ५० मीटरवर आणि बल ४८.४ वर. ही भोकं चालू आहेत म्हणून हे गणित सुटतं.

प्रत्यक्ष आरेखनात काँक्रीट-खडकाचा चिकटपणाही धरतात. पण त्याच्यावर कुणी फार विसंबत नाही. भारतीय मानक ६५१२ नुसार नेहमीच्या भारस्थितीत घर्षणाला १.५ ने भागायचं आणि पायाशी असलेल्या चिकटपणाला ३.६ ने, यावरूनच कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. गाळाचा दाब, लाटा, भूकंप, रिकाम्या तलावाची स्थिती हे सगळे वेगवेगळे जोड करून तपासायचे असतात. त्यातली आकडेमोड संगणक करतो. भोकं चालू धरायची की बुजलेली धरायची, हे मात्र आपणच ठरवायचं. मानकातही भोकं बुजली आहेत असं धरून करायची वेगळी तपासणी आहे, ती कुणी टाळू नये.

कोयनेची भिंत याच जातीची. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ देशमुखवाडीला, खोल पायापासून १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब. मधोमध सहा वक्राकार दरवाज्यांचा सांडवा. पाणलोट ८९१.७८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे धरणाच्या मानाने लहानच, पण कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस ती उणीव भरून काढतो. आज साठ्याचा आकडा १०५.२५ टीएमसी धरतात. भिंत रबल काँक्रीटची आहे: ओल्या काँक्रीटमध्ये मोठे, धुतलेले काळे दगड बसवत केलेली. त्यामुळे सिमेंट वाचलं, सिमेंटची उष्णता कमी झाली आणि वजन वाढलं. साध्या काँक्रीटला २.४ धरतात तिथे कोयनेच्या भिंतीला घनमीटरला सुमारे २.६ टन धरून अभ्यास केले जातात. म्हणून १०३ मीटर उंचीला तळाची सुमारे ७० मीटर रुंदी पुरली.

एवढी भिंत नदीवर घातली आणि वीज मात्र पलीकडे कोकणात, पोफळीला काढली, याचं नवल बाहेरच्यांना वाटतं. हिशेब करून पाहा. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला नेलं की या पाण्याला पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंची मिळते. संचांची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर एका टीएमसीमागे सुमारे सव्वातीन कोटी युनिट होतात. तेच पाणी पूर्वेला सोडलं तर धरणाच्या पायथ्याला जेमतेम भिंतीच्या उंचीएवढीच धार मिळते. म्हणून पायथ्याचं वीजगृह फक्त ४० मेगावॉटचं आणि पूर्ण प्रकल्प १९६० मेगावॉटचा. पूर्वेच्या सिंचनाला खाली सोडावं लागणारं पाणी पायथ्याच्या संचांतून जातं. पेपरात ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक’ असं जे वाचतो ते हेच. पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीच नेता येतं ही कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे, आणि ते वर्ष १ जूनपासून मोजतात. त्यामुळे मे महिन्यात पाणी शिल्लक असूनही संच थांबवायची वेळ येऊ शकते.

आता पायाकडे. आपल्याकडचा खडक म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. प्रत्येक थराच्या पोटात घट्ट काळा दगड, आणि माथ्याकडे पोकळ्यांचा, गारगोट्या भरलेला मऊ भाग, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडी, भाजल्या मातीसारखी पट्टी असते, तिला रेड बोल म्हणतात. काळ्या दगडाला ताकदीची काळजी नसते, त्याची काळजी उभ्या सांध्यांची. मांजऱ्या मऊ असतो पण बऱ्याचदा पाणी कमी जाऊ देतो. तांबडी पट्टी मात्र घातक: जाडी वीतभर असली तरी ती आडवी असते, रेटाही आडवाच असतो, आणि ओली झाली की तिचं घर्षण ०.७ च्या आसपासही राहत नाही. पायाखाली पाच-सात मीटरवर अशी पट्टी असेल तर धरण पायावर न घसरता पायासकट घसरू शकतं.

म्हणून बोअरिंगची पेटी वाचायला शिकावं लागतं. पेटीत ओळीने मांडलेले काळे गुळगुळीत गाभे सगळ्यांना आवडतात. खरी माहिती असते न आलेल्या गाभ्यात. मऊ पट्टी ड्रिलच्या पाण्याने धुऊन जाते, आणि ड्रिलर त्या जागी तेवढ्याच लांबीचा लाकडी तुकडा ठेवतो. अहवालात ‘गाभा प्राप्ती ९० टक्के’ एवढंच लिहून येतं. उरलेले १० टक्के एकाच जागी, एकाच पातळीवर, शेजारच्या तीन बोअरमध्येही गेले असतील तर तिथे पट्टी आहे असंच समजायचं. मग तिथे दुहेरी किंवा तिहेरी नळीची बॅरल लावून, पाणी कमी करून, हळू ड्रिल करून घ्यायचं. ठेकेदार कुरकुरतो, कारण पैसे मीटरवर मिळतात आणि हळू ड्रिलला मीटर कमी पडतात. दरपत्रकातच अशा ड्रिलचा वेगळा दर असला की हा वाद उभाच राहत नाही.

प्रत्येक बोअरमध्ये पाण्याची चाचणी. तीन-तीन मीटरचा टप्पा रबरी पॅकरने बंद करायचा, दाबाने पाणी भरायचं आणि मिनिटाला किती लिटर पाणी खडक पितो ते मोजायचं. चौरस सेंटीमीटरला १० किलो दाबाला, मीटरमागे, मिनिटाला १ लिटर म्हणजे एक ल्युजॉन. दाब पायऱ्यांनी चढवून तसाच उतरवायचा. उतरताना त्याच दाबाला पाणी जास्त जायला लागलं तर सांध्यातली माती धुतली गेली किंवा सांधा फाकला. दोन्ही गोष्टी ग्राउटिंगवाल्याला, म्हणजे सांध्यांत दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण भरणाऱ्याला, आधी कळायला हव्यात. पॅकर नीट न बसल्यामुळे पाणी बाजूने वर येतं आणि खडक उगाच ‘पितो’ असं दिसतं. हा घोळ साइटवर रोजचा. बोअरच्या तोंडाशी पाणी उसळतंय का हे डोळ्यांनी बघणं हाच त्यावरचा उपाय.

खोदाईत वरचा मुरूम आणि कुजका खडक यंत्राने निघतो. पक्क्या खडकात बार उडवायचे, पण पायाच्या पातळीच्या दीडेक मीटर वर आलं की मोठे बार बंद. तिथून हलके बार, आणि शेवटचा हातभर ब्रेकर आणि पहारीने. जोराच्या बाराने खालचा चांगला खडक सांध्यांवर सैल होतो आणि मग ‘चांगला खडक लागेना’ म्हणून खोदाई खाली खाली जात राहते. त्यातला बराच खडक आपणच बिघडवलेला असतो. बेसॉल्टची एक काचेसारखी, तांबूस जात उघडी पडली की ऊन-पावसाने भुसभुशीत होते. असा भाग निघाला तर शेवटचा थर तसाच राखायचा आणि काँक्रीटच्या आदल्या दिवशी काढायचा, किंवा उघडा पडताच त्यावर सिमेंटचा लेप द्यायचा. सुट्टीच्या आधी असा पाया उघडा टाकून जाणं महाग पडतं.

पाया उघडा झाला की भूगर्भतज्ज्ञ सांधा न सांधा नकाशावर घेतात. हा नकाशा नंतर पुन्हा कधीच काढता येत नाही, म्हणून त्याला घाई नको. मधून गेलेली मऊ पट्टी किंवा डाइक (मूळ खडकात भिंतीसारखा घुसलेला दुसरा खडक) असेल तर तिच्या रुंदीच्या एक ते दीडपट खोल खणून काँक्रीट भरायचं. झरे निघाले तर ते दाबून टाकायचे नाहीत. त्यांना नळी लावून वर काढायचं, भोवती काँक्रीट करायचं, आणि नळी नंतर ग्राउटने भरायची. झऱ्यावर सरळ काँक्रीट टाकलं तर सिमेंट धुऊन जातं आणि तिथे खडीची घरटी उरतात. शेवटी हवा-पाण्याचा फवारा, आणि खड्ड्यांत साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्यायचं. हे वाचून हसू येतं, पण खड्ड्यातलं बादलीभर पाणी काँक्रीट-खडकाच्या चिकटपणाचे बारा वाजवतं. मग अपलिफ्टला वाट तयारच.

ग्राउटिंगचे दोन प्रकार. पहिलं उथळ, पूर्ण पायाभर ३ मीटरच्या जाळ्यात, सहा ते दहा मीटर खोल. उद्देश सैल सांधे भरून पाया एकजीव करणं. दुसरं खोल, एकाच ओळीत, टाचेजवळ, पडद्यासारखं. खोलीचा ठोकताळा उंचीच्या दोन तृतीयांशात ८ मिळवून, म्हणजे शंभर मीटर धरणाला सुमारे ७५ मीटर. आधी १२ मीटरवर भोकं, मग त्यांच्या मधोमध, मग पुन्हा मधोमध. तिसऱ्या फेरीत सिमेंट जवळपास जात नसेल तर पडदा झाला. अजूनही गोण्या जात असतील तर आणखी मधोमध. भोकांचं अंतर आधीच ठरवून निविदेत पक्कं लिहिलं की हे करता येत नाही.

मिश्रण पातळ सुरू करून दाट करत न्यायचं. सुरुवातीलाच दाट दिलं तर सांध्याच्या तोंडाशीच बूच बसतं, दाब लगेच चढतो, कागदावर ‘भोक बंद’ अशी नोंद होते आणि खडक आत रिकामाच राहतो. उलट दाब जास्त चढवला तर खडक उचलला जातो. उथळ भागात खोलीच्या मीटरमागे पाव किलोच्या आसपास दाब पुरे. शेजारी डायल गेज लावून ठेवायचा, काटा हलला की पंप थांबवायचा.

आणि क्रम चुकवायचा नाही. पडद्याचं ग्राउटिंग गॅलरीतून, वर पुरेसं काँक्रीट चढून वजन आल्यावर, पण तलाव भरण्याआधी. निचऱ्याची भोकं त्यानंतर. आधी भोकं पाडून मग ग्राउट केलं तर सिमेंट थेट त्या भोकांत जाऊन बसतं. कार्यक्रम मागे पडला की ‘दोन्ही यंत्रं एकदमच चालवू’ अशी सूचना हमखास येते. शेजारच्या ब्लॉकचं ग्राउटिंग संपल्याशिवाय भोकाला हात लावायचा नाही, हे लेखी द्यावं.

काँक्रीटचं शत्रुत्व उष्णतेशी. सिमेंट घट्ट होताना तापतं. ठोकताळा असा की घनमीटरमधल्या दर १०० किलो सिमेंटमागे आतलं तापमान १० ते १२ अंश चढतं. इमारतीतलं काँक्रीट हे दोन दिवसांत हवेला देऊन मोकळं होतं. धरणाच्या पोटातलं कित्येक वर्षं धरून ठेवतं. १५ मीटरचा ठोकळा २० अंशांनी थंड झाला की साधारण ३ मिलिमीटर आक्रसतो. त्याला आक्रसायला जागा ठेवली नाही तर तो स्वतःच जागा करून घेतो, आणि ती तडा पाण्याकडून मागपर्यंत गेलेली असू शकते. म्हणून भिंत १५ मीटरच्या आसपासच्या मोनोलिथांत विभागायची, दोघांच्या मध्ये मोकळा सांधा, त्यात पाण्याकडे तांब्याची घडीची पट्टी आणि पीव्हीसीची पट्टी, त्यांच्यामागे निचऱ्याची उभी नळी. खडी १५० मिलिमीटरपर्यंतची, कारण मोठ्या खडीला सिमेंट कमी लागतं. उन्हाळ्यात पाण्याऐवजी बर्फाचा चुरा, खडीच्या ढिगावर फवारा आणि ओतकाम रात्रपाळीला.

उंची दीड मीटरच्या थरांनी, म्हणजे लिफ्टने, चढवायची आणि दोन लिफ्टमध्ये किमान तीन दिवस जाऊ द्यायचे. गळती सर्वांत जास्त दिसते ती या आडव्या सांध्यांवर. ताज्या काँक्रीटच्या माथ्यावर पाणी आणि बारीक सिमेंट वर येऊन सायीसारखा पापुद्रा धरतो. तो काढायची वेळ ठरलेली असते: काँक्रीट बसलेलं पण अजून कोवळं, म्हणजे हवामान बघून ६ ते १२ तासांत. हवा-पाण्याच्या फवाऱ्याने पापुद्रा जाऊन खडीची डोकी अर्धवट उघडी दिसली पाहिजेत. लवकर केलं तर खडीच उखडते, उशीर झाला तर फवारा नुसता चोपडा फिरतो आणि छिन्नीने ठोकत बसावं लागतं. हा फवारा बहुतेक पहाटे येतो, आणि पाळी बदलताना नेमका राहून जातो. पुढची लिफ्ट ओतण्याआधी बोटाच्या पेराएवढा मॉर्टरचा थर. तो अर्धा तास आधीच पसरून ठेवला तर वाळतो आणि काहीच उपयोग नाही. शेजारच्या मोनोलिथमध्ये उंचीचा फरक नऊ-दहा मीटरच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर उघड्या पडलेल्या बाजू थंड होऊन तडकतात.

आपल्या भागातल्या अनेक धरणांत काँक्रीटऐवजी दगडी बांधकाम किंवा कोलग्राउट (आधी दगड रचून मग त्यांच्या फटींत पातळ मॉर्टर भरलेलं काम) आहे. तिथे उष्णता कमी, पण मॉर्टर सगळीकडे पोचलं का हा प्रश्न कायमचा. अशा भिंतीत गॅलरीतली गळती काँक्रीटच्या भिंतीपेक्षा जास्त असते आणि तिची तुलना काँक्रीटशी करू नये.

दरवाज्यांबद्दल थोडक्यात. कोयनेचे वक्राकार दरवाजे १२.५ मीटर रुंद आहेत. पाण्याचा सगळा भार हातांतून मागच्या खुंटीवर येतो, म्हणून खुंटीचं बेअरिंग आणि तिला धरणारे खांबातले गज यांची तपासणी आधी, रंगरंगोटी नंतर. सांगलीत आयर्विन पुलाचं पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका दाखवतं. दरवाजे किती फूट उचलायचे हे ठरवताना कोयना, कृष्णा आणि वारणा या तिघींचं पाणी तिथे केव्हा पोचतं याचा विचार करावा लागतो. तो वेगळाच विषय आहे.

कोयनेने आरेखनाला शिकवलेला मोठा धडा भिंतीच्या मानेचा. धरण दोन टप्प्यांत उंच करायचं मूळ नियोजन होतं. काम सुरू असताना एकदमच पूर्ण उंची गाठायचं ठरलं. त्यामुळे मागची उतरती बाजू तळापासून ६६.५ मीटरवर एकदम बदलते. तिथून वर भिंत जवळपास उभी, आणि माथा १४.८ मीटर रुंद, म्हणजे वजनदार डोकं. भूकंपासाठी भिंतीच्या वजनाच्या ०.०५ पट आडवं बल, वरपासून खालपर्यंत सारखंच, धरलं होतं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे दख्खनचं पठार स्थिर होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणातल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट धक्का भिंतीच्या लांबीच्या दिशेने आणि ०.४९ पट आडव्या दिशेने नोंदवला. उंच, सांडव्याबाहेरच्या मोनोलिथांना त्या मानेवर दोन्ही बाजूंनी आडव्या तडा गेल्या. सांडव्याच्या भागाला झळ कमी लागली, कारण त्याच्या अंगात अशी मान नाही.

चूक आकड्यातच नव्हती, पद्धतीतही होती. धक्क्यात भिंत एकसंध हलत नाही. माथा तळापेक्षा कितीतरी जास्त झुलतो, त्यामुळे वरचं वजन वाढवणं म्हणजे बल वाढवणं, आणि जिथे जाडी एकदम बदलते तिथे ताण गोळा होतो. सगळ्या उंचीला सारखं बल धरून केलेल्या गणितात मानेवर ताण दिसतच नाही. पुढे १९७० च्या मानकात कोयना परिसर भूकंप क्षेत्र चारमध्ये आला. तडा इपॉक्सीने भरल्या, उभे ताणलेले केबल टाकून माथा खाली बांधला, आणि मागच्या बाजूला काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन १९७३ पर्यंत सांडव्याबाहेरची भिंत बळकट केली. सांडव्याचं बळकटीकरण २००६ मध्ये झालं. जुन्या काँक्रीटला नवं जोडताना नव्याचं आक्रसणं हाच मोठा त्रास असतो. जुनं थंड, नवं गरम, म्हणून नवं थंड झाल्यावरच दोघांमधली फट ग्राउट करायची. आज कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेच्या भूकंप-अभ्यासाच्या कामात कोयना खोऱ्यात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल बोअर झाला आहे. तिथे लाव्ह्याचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल आहेत आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक.

बोगद्यांकडचा मामला वेगळा. तलावातून निघालेला चार-पाच किलोमीटर लांब पाण्याचा खांब चालता असतो. ग्रिडवर बिघाड झाला की संच काही सेकंदांत पाणी तोडतो, आणि सेकंदाला १ मीटर वेग एकदम शून्य झाला तर शंभरेक मीटर उंचीचा जादा दाब तयार होतो. तो शोषायला दाबनळाच्या आधी उभी उल्लोल विहीर लागते. तिचा व्यास फार लहान ठेवला तर पाण्याचे हेलकावे शमण्याऐवजी वाढतात. आणि तलाव न रिकामा करता नवा बोगदा जोडायचा असेल तर लेक टॅपिंग. बोगदा तलावाच्या तळाखाली नेऊन शेवटचा खडक बुचासारखा ठेवायचा, त्याखाली ढिगाऱ्यासाठी खड्डा खणायचा, दरवाजा आणि बूच यांच्यात पाणी भरून वर हवेची गादी ठेवायची आणि बार उडवायचा. हवा नसेल तर स्फोटाचा धक्का पाण्यातून थेट दरवाज्यावर येतो. हवा फार असेल तर पाणी जोरात घुसून ढिगारा खड्ड्यापलीकडे नेतं. कोयनेत हे १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ ला झालं.

धरण भरलं की काम गॅलरीत येतं. पहिला भराव टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर थांबून. भोकांचं पाणी चरातून व्ही-खाचेवर मोजायचं, अपलिफ्ट गेजवर, आणि दोन्ही आकडे तलावाच्या पातळीसोबत एकाच वहीत. गळती कमी झाली म्हणून आनंद करायची घाई नको. काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून भोकाच्या तोंडाशी पांढरा, दगडासारखा जमतो. भोक बुजलं की खाचेवरचा आकडा उतरतो आणि गेजचा चढतो. त्यामुळे एकटी गळतीची वही खोटं समाधान देऊ शकते. पाणी स्वच्छ असेल तर वाढलेली गळतीही सांभाळता येते. गढूळ किंवा मातकट आलं तर थोडीही चालत नाही, कारण सांध्यातलं काहीतरी धुऊन चाललेलं असतं. तुलना करायची ती एकाच तलावपातळीच्या नोंदींची, आणि हिवाळ्याची हिवाळ्याशी. थंडीत मोनोलिथ आक्रसून सांधे फाकतात आणि फेब्रुवारीत आकडा थोडा चढणं नैसर्गिक आहे. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत प्रत्येक भोकात सळई घालून खोली मोजायची, मूळ खोलीशी ताडायची, कमी भरली तर उच्च दाबाच्या पाण्याने किंवा पुन्हा ड्रिल करून मोकळं करायचं. ड्रिल मूळ खोलीच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि पाण्याकडे तिरकं होऊ द्यायचं नाही, नाहीतर ते पडद्यालाच भोक पाडतं.